खिशातलं ठीक

सभागृहात टाळ्या वाजल्या तेव्हा रॉकेट बंद पडून पंधराएक सेकंद झाली होती. तिथं बसलेल्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ती बातमी माझ्या शर्टाच्या डाव्या खिशात येऊन पडली होती. फोन थरथरला, एकदाच, नेहमीसारखा छोटासा, आणि मी माइक तोंडाशी धरून समोरच्या दीडशे माणसांना बंगालीत सांगितलं की तिसरा टप्पा पेटला, आत्ता पडद्यावर दिसेलच, सगळं ठीक आहे. मग टाळ्या. पडद्यावर अजून दुसरा टप्पाच जळत होता. इंटरनेटवरून येणारं चित्र आमच्या पडद्यावर पोचेपर्यंत चाळीस सेकंद शिळं झालेलं असतं. लोकांना त्याची कल्पना नसते. त्यांना वाटतं आपण जे बघतोय ते आत्ता होतंय. मी त्यांचा हा समज कधी मोडला नाही, उलट त्याच्यावरच माझा सगळा डौल उभा आहे. पडद्यावर दिसायच्या आधी अशोकदा सांगतात आणि मग तसंच होतं, ही माझी कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधली कीर्ती. पहिल्या रांगेतला एक जण तर शेजारच्याला नेहमी म्हणतो, "अशोकदा बोलेछेन माने होये गेछे." अशोकदा म्हणाले म्हणजे झालंच. दीड वर्षात सहा उड्डाणं मी अशी सांगितली आणि सहाही वेळा ते झालंच होतं.

टाळ्या विरल्या. लोक पडद्याकडे बघत बसले. दुसरा टप्पा गळून पडला, एक पांढरा ठिपका काळ्यात मागे गेला, आणि मग जे दिसायला हवं होतं ते काही दिसेना. कोपऱ्यातला वेगाचा आकडा चढायचा तो अडला आणि एकेकानं खाली यायला लागला. त्या बाजूचा निवेदक वाक्य अर्धवट सोडून गप्प झाला. मी माइक हातात धरून उभा होतो आणि मला काय होतंय ते नीट कळत होतं, म्हणजे चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला जितकं कळायला हवं तितकं कळत होतं. कुठल्याशा शाळेच्या मुली पुढे बसल्या होत्या, त्यांतल्या दोघीतिघींचे हात टाळीच्या तयारीत तसेच होते. मग चित्र गेलं आणि रॉकेट उडवणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह आलं. प्रोजेक्टरपाशी बसलेल्या अनीशनं, उड्डाणं दाखवणाऱ्या आमच्या संस्थेचं सगळं तांत्रिक काम तोच बघतो, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्याच विचारानं शनीच्या कड्यांची जुनी फिल्म लावून दिली. बिचाऱ्यानं माझी लाज राखली. मी लोकांना दोन शब्द सांगितले, अवकाशाचं काम अवघड असतं, अपयशातून शिकतात वगैरे. ही वाक्यं मी बरीच वर्षं कपाटात ठेवल्यासारखी तयार ठेवली होती, कधी लागली नव्हती. बाहेर काढल्यावर त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण निघताना निळ्या साडीतल्या एक बाई माझ्यापाशी आल्या. सत्तरीच्या असतील, हातात छत्री, प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत कडेला बसतात, कधी काही बोलत नाहीत. त्यांनी मला फार शांतपणे विचारलं, "आपनि आगे थेकेइ की करे जानलेन?" तुम्हाला आधीच कसं कळलं, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि बहुतेक कितीतरी महिने जाणून घ्यायचं असावं. मी हसलो, काहीतरी पुटपुटलो, अंदाज होता म्हणालो. बाई म्हणाल्या, अंदाज असता तर तुम्ही अंदाज म्हणाला असतात. आणि छत्री काखेत मारून जिन्यावरून सावकाश उतरल्या.

मी बाहेर पडलो तेव्हा सहा वाजत आले होते, ऊन अजून पिवळं होतं, आणि फोन मी अजून खिशातून काढला नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण माणूस स्वतःशी किती तऱ्हांनी लबाडी करतो त्याचा मला हल्ली नाद लागलाय. रस्त्यानं चालताना मी मुग्धावर रागावलेलो होतो. मुग्धा माझी मुलगी. दक्षिणेत एका नव्या खासगी कंपनीत आहे, लहान रॉकेटं उडवतात ते. तिचं काम रॉकेटाचं नाही, रॉकेटाबद्दल लोकांना सांगण्याचं: उड्डाणाचं थेट प्रक्षेपण, पत्रकार, शाळांच्या सहली. उड्डाणाच्या वेळी ती बाहेरच्या माध्यमकक्षात बसते, तिथं फोन चालतो, आणि एकेक टप्पा पार पडला की ती मला एक शब्द लिहिते. ठीक. पहिला टप्पा, ठीक. आवरण गळालं, ठीक. लोकांच्या पडद्यावर ते चाळीस सेकंदांनी येतं, माझ्या खिशात लगेच येतं. ही माझी सिद्धी. पहिल्या दोन उड्डाणांना मी फोन टेबलाखाली धरून वाचत असे. मग लक्षात आलं की वाचण्यासारखं काही नसतंच, दर वेळी तोच शब्द, तेव्हा खिशात थरथरलं की झालं. मी खिशावरच बोलायला लागलो. तर मी रागावलेलो होतो, की हिनं चुकीच्या वेळी ठीक कसं पाठवलं. एवढी जबाबदारीची नोकरी आणि असा निष्काळजीपणा. करुणामयी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर उभा राहीपर्यंत मी तिला चांगलं चारचौघांत बोलून घेतलं होतं, मनातल्या मनात.

फलाटावर हवा बरी होती. करुणामयीचा फलाट उंचावर आहे, खाली रस्ता, झाडांचे शेंडे, सरकारी इमारतींच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या. मला इथून एस्प्लनेडपर्यंत मेट्रो आणि पुढं बेहालाला घरी जायला बस. मी बाकावर बसलो आणि फोन काढला. मुग्धाचे चार निरोप होते. पहिले तीन ठीक, ठीक, ठीक. चौथा असा होता: "बाबा थांबा. तिसरा पेटला नाही. काही बोलू नका."

मी तो वाचला आणि परत वाचला. ती एवढ्या गडबडीत, जिथं सगळ्यांचे चेहरे उतरले असतील, कोणी रडत असेल, कोणी फोनवर ओरडत असेल, तिथं बसून आधी मला सावध करत होती. कलकत्त्यात दीडशे माणसांसमोर आपल्या म्हाताऱ्याची फजिती होऊ नये म्हणून. आणि म्हातारा तिच्या त्या निरोपाची थरथर छातीवर घेऊन माइकवर सांगत होता, सगळं ठीक आहे. माझे कान गरम झाले. गाडी आली, फलाटाच्या कडेची काचेची दारं उघडली, माणसं आत-बाहेर झाली, दारं मिटली. मी उठलो नाही. डाव्या खिशाच्या जागी, जिथं आता फोन नव्हता, तिथं काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं. हे मला अधूनमधून होतं. आंघोळीतसुद्धा होतं. डॉक्टरला सांगितलं तर हृदय तपासतील म्हणून सांगितलेलं नाही.

ही खिशातल्या ठीकची पद्धत मुग्धानं सुरू केली असं मी वर भासवलं, ते खरं नाही. म्हणजे रॉकेटांच्या बाबतीत तिनं सुरू केली. मुळात ती मी ठरवून दिली होती, चंद्रावर यान उतरलं त्या ऑगस्टमधल्या बुधवारी. सुधा, माझी बायको, तेव्हा हॉस्पिटलात होती. ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, सकाळी डॉक्टर म्हणाले उद्या साध्या खोलीत हलवू. तिनं चमचाभर पेज घेतली होती आणि तिच्यात मीठ नाही म्हणून तक्रारही केली होती, म्हणजे ती बरी होती. संध्याकाळी कार्यक्रम. नेहमीची दीडशे नव्हेत, त्या दिवशी हजारभर माणसं, मैदानात पडदा, क्लबची मंडळी, वार्ताहर. मी सुधाला विचारलं जाऊ का, तर म्हणाली, जा की, इथं बसून माझी नाडी मोजणार आहात का. ती सांगलीची. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला बंगालीचा एक शब्द येत नव्हता, आणि मी इथंच भवानीपूरला जन्मलेला, माझं मराठी तिला पुस्तकी वाटायचं. प्रत्येक उड्डाणाच्या आधी मी माझं भाषण स्वयंपाकघरात उभा राहून तिला मराठीत म्हणून दाखवत असे आणि ती भाजी चिरता चिरता एखादं वाक्य काढायला सांगे. हे नको, हे तुम्ही स्वतःसाठी बोलताय, असं म्हणे. तिनं काढलेली वाक्यं कधीच चुकीची काढलेली नसत. त्या बुधवारचं भाषण मी तिच्या खाटेशी बसून म्हटलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि या वेळी काही काढलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, तिला ऐकू येत होतं का.

मुग्धा तेव्हा इथंच एका वर्तमानपत्रात होती. ती आईपाशी थांबणार होती. मी तिला सांगितलं, मी माइकवर असेन, फोन बघता येणार नाही, तू दर अर्ध्या तासानं नुसतं ठीक लिही. खिशात थरथरलं की मला कळेल. किती सोयीचं. एक थरथर म्हणजे ठीक. ठीक नसेल तर काय, हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्यानं जन्मभर मुलांना प्रयोगाच्या आधी चुकण्याच्या शक्यता लिहून काढायला लावल्या त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पाचला थरथरलं, साडेपाचला थरथरलं. मग पावणेसहा झाले, यान खाली यायला लागलं, मैदानात कोणी शंख फुंकत होतं, कोणी रडत होतं, मी उंची सांगत होतो, वेग सांगत होतो, माझा आवाज मलाच परका आणि छान वाटत होता. सहाला दोनेक मिनिटं असताना खिशात थरथरलं.

आणि थांबलं नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. ती एक छोटी थरथर नव्हती. फोन वाजत होता. निरोप एकदा थरथरतो आणि फोन थरथरतच राहतो, हा फरक कोणालाही कळतो, झोपेतही कळतो. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. माझ्या छातीवर, बनियनच्या आणि शर्टाच्या मधे, माझी मुलगी मला बोलावत होती आणि ते मला कळलं. मी माइक अनीशकडे देऊन चार पावलं बाजूला जाऊ शकलो असतो. पण पडद्यावर सहा मिनिटं राहिली होती. मी स्वतःला म्हटलं, ठीक आहे. हे शब्द मी मनात म्हटले, मला आठवतात. ठीक आहे म्हणायलाच करत असेल. मग यान उतरलं, हजार माणसं एकदम उभी राहिली, कोणी मला उचललं, गळ्यात हार घातला, हातात संदेश मिठाईचा खोका दिला. मी अर्ध्या तासानं बाहेर आलो तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते आणि एक निरोप. बाबा, आई गेली. हॉस्पिटलात गेलो तेव्हा माझ्या हातात तो मिठाईचा खोका होता. तो कुठं ठेवावा हे मला समजेना. मुग्धानं तो माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत ठेवला. ती म्हणाली, मी किती फोन केले. मी म्हणालो, फोन बॅगेत होता, बॅग आयोजकांकडे होती.

बॅगेत होता. दोन शब्द. त्या शब्दांवर आम्ही बाप-लेक ही वर्षं काढली. तिनं कधी पुन्हा विचारलं नाही. वर्ष झाल्यावर ती नोकरी घेऊन दक्षिणेत गेली. रविवारी फोन करते, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, कामवाली आली का, मी हो म्हणतो, तिचं विचारतो, ती ठीक म्हणते. मराठी तिचं आधीच अर्धंमुर्धं, शाळा इथली, मैत्रिणी बंगाली. आईशी बोलून बोलून जेवढं जिवंत होतं तेवढं होतं. माझ्याशी बोलताना ती शब्द शोधते आणि मी ते पुरवायची घाई करतो. मग तिचं पहिलं उड्डाण आलं, मी इथं माइक घेऊन उभा, आणि खिशात थरथरलं. न ठरवता, न सांगता तिनं लिहिलं होतं, ठीक. मला त्या क्षणी रडू आलं, मी खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायलो. मला वाटलं तिनं मला माफ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेहालातल्या घरात एकटा चहा करताना वाटलं, की हा टोमणा होता. दोन कप काढायची सवय अजून जात नाही, एक परत ठेवताना वाटलं, की तिला दोन्हीतलं काहीच म्हणायचं नसेल, तिला फक्त आपल्या आईचा नवरा कुठंतरी जोडलेला हवा असेल. मी विचारलं नाही. ती रॉकेटांबद्दल साऱ्या देशाला सांगते, मी कलकत्त्याला सांगतो. एकमेकांना सांगायला आमच्याकडे तो एक शब्द आहे, तोही तीन महिन्यांनी एकदा.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाकावर बसल्या बसल्या लक्षात आली. आमच्या संस्थेच्या पानावर माझं निवेदनही थेट जातं. बघणारे तीस-चाळीस. त्यांतली एक मुग्धा. तिनंच मागे सांगितलं होतं, की उड्डाणाच्या वेळी शेजारच्या दुसऱ्या फोनवर ती माझं बंगाली लावून ठेवते, हळू आवाजात. म्हणजे तिनं लिहिलं की बाबा थांबा, काही बोलू नका, आणि थोड्याच वेळात तिला माझा आवाज ऐकू आला, की तिसरा टप्पा पेटला, सगळं ठीक आहे. म्हणजे तिला कळलं की मी वाचत नाही. खिशात थरथरलेलं मला कळतं, आणि मी न बघता बोलतो. फोन खिशात असतो. तो कधीच बॅगेत नसतो. ती माझी मुलगी आहे, सुधाची तर आहेच. एवढ्यावरून पुढचं तिला कळायला चाळीस सेकंदसुद्धा लागली नसतील.

आणखी दोन गाड्या गेल्या. एक सुरक्षा रक्षक माझ्याकडे बघून गेला, परत येऊन तब्येत बरी आहे ना म्हणून हिंदीत विचारून गेला. मी हो म्हणालो. मी तिला फोन करायचा की नाही याचा विचार करत होतो. तिचा आजचा दिवस तिच्या नोकरीतला सगळ्यांत वाईट, तिला माझ्या जुन्या पापाचं ओझं आज कशाला, असा एक विचार येत होता, फार सुसंस्कृत. सुधा असती तर तिनं हे वाक्य काढायला सांगितलं असतं. हे तुम्ही स्वतःसाठी बोलताय. मी फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. मी तो कानाला धरून पूर्ण वाजू दिला, शेवटपर्यंत, आणि पलीकडं तो तिच्या खिशात थरथरत असेल आणि तिला कळत असेल हे मला सहन होईना. हे मी तिला अकरा वेळा करायला लावलं होतं. मी परत लावला. तिसऱ्यांदा लावणार तोच तिचा आला.

"बाबा," ती म्हणाली, आणि थांबली. मागे माणसांचा आवाज होता, कुठलंसं दार सारखं उघडत-मिटत होतं. मी म्हणालो, मी वाचला तुझा निरोप, आत्ता वाचला. ती म्हणाली, "माहितेय. मी ऐकत होते तुम्हाला." मग तिनं सांगितलं की साडेसहाला लोकांना सांगायचंय काय झालं ते, वरचे सगळे बैठकीत आहेत, कॅमेऱ्यासमोर तिलाच उभं केलंय. कागद दिलाय हातात. पत्रकार थोडे आहेत पण ऑनलाइन फार आहेत आणि वाईट लिहितायत. मी विचारलं कागद बरा आहे का. ती म्हणाली, "मी वाईट बातमी कधी दिली नाही, बाबा. एकदाच दिली. ती पण लिहून."

यावर बापानं काहीतरी बोलायचं असतं. धीर द्यायचा असतो. माझ्याकडे अशी पुष्कळ वाक्यं होती, संध्याकाळपासून कपाट उघडंच होतं. समोरून गाडी येताना दिसत होती, लांबवर, दोन दिवे. मी म्हणालो, "मुग्धा, त्या दिवशी फोन बॅगेत नव्हता."

पलीकडं दार मिटलं आणि माणसांचा आवाज बंद झाला.

"खिशात होता. वाजत होता, मला कळत होतं. निरोप नाही, फोन आहे, हेसुद्धा कळत होतं. मी उचलला नाही. यान उतरायला सहा मिनिटं होती म्हणून नाही उचलला."

गाडी आली, दारं उघडली, घोषणा झाली बंगालीत, हिंदीत, इंग्रजीत, दारं मिटली, गाडी गेली. एवढा वेळ पलीकडं नुसता श्वास होता. मला वाटलं ती फोन ठेवेल, आणि ठेवला तर आज, उद्या, कदाचित पुन्हा कधीच उचलणार नाही, आणि तो तिचा हक्क आहे. मला रडू येत होतं आणि मी ते तोंडावर हात धरून थांबवत होतो, कारण माझं रडणं तिनं ऐकलं असतं तर तिला मला समजवावं लागलं असतं, आणि तेवढी तरी लाज मला होती.

"आई शेवटी विचारत होती," मुग्धा म्हणाली. "उतरलं का म्हणून. मी म्हटलं, अजून नाही, बाबा सांगतील." ती शब्द शोधत होती. या वेळी मी पुरवला नाही. "म्हणून मी फोन करत होते. तुम्हाला बोलवायला नाही. तुम्ही येऊन पोचला नसताच. मी म्हटलं, आईच्या कानाला लावते फोन. तिला तुमचं ऐकायचं होतं, चंद्राचं."

मी ऐकलं. ते ऐकून काय वाटलं हे मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. फलाटावरचे दिवे लागले होते. आकाशात अजून उजेड होता, तरी लागले होते.

कोणीतरी तिला हाक मारली. ती इंग्रजीत हो म्हणाली, येते म्हणाली. मला वाटलं आता संपलं. तिनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "बाबा, ठेवू नका. मी फोन असाच चालू ठेवते. खिशात ठेवते." मग कापड घासल्याचा आवाज आला, मोठा, कानात वाळू ओतल्यासारखा, आणि त्याच्या आडून तिची पावलं. ती चालत होती आणि मी तिच्या खिशात होतो. दार उघडलं. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी तीन, दोन, एक म्हणालं. मग तिचा आवाज आला, जरा लांबून, कापडातून गाळून आल्यासारखा, पण माझ्या मुलीचा. तिनं लोकांना नमस्कार केला आणि सांगितलं की आजचं उड्डाण अयशस्वी झालं. पहिल्याच वाक्यात सांगितलं. कागदावर ते इतक्या पुढं असेल असं मला वाटत नाही.

शेजारी कॉलेजातला एक जण येऊन बसला होता आणि त्याच्या फोनवर तेच प्रक्षेपण लागलेलं होतं. त्याच्या पडद्यावर अजून रिकामी खुर्ची होती आणि मागे निळा पडदा. मला तोंडाशी आलं होतं की आता ती येईल, आता ती असं असं म्हणेल. मी काही बोललो नाही. फोन कानाला घट्ट धरून बसलो. ती एकेक वाक्य सांगत होती, काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही, आणि मधेच एका शब्दापाशी तिचा आवाज फुटला आणि ती थांबली. सगळ्यांना ते चाळीस सेकंदांनी ऐकू येणार होतं. मला लगेच आलं.